सहा ग्लासांची जाळी

नेपानगर आणि बुऱ्हाणपूरच्या मधल्या चांदनीसारख्या लहान स्टेशनाबाहेर टपरीवरचा पोऱ्या तारेच्या जाळीत सहा ग्लास चहा घेऊन निघतो. या जाळीवर कुणा डिझायनरची सही नसते. बहुधा म्हणूनच ती चालते. ग्लास वर रुंद, खाली निमुळता. वरच्या कड्यात आपसूक अडकतो. बुडाशी आडवी तार, मधोमध मूठ. बोटं भाजत नाहीत, विषय संपला.

हेच काम समितीकडे गेलं असतं, तर आधी सर्वेक्षण, मग मूठ धरण्याची कार्यशाळा आणि शेवटी सातव्या ग्लासासाठी उपसमिती.

नेपानगरची कागदगिरणी नेहरूंनी १९५६ साली देशाला अर्पण केली. कागद इतका जवळ, म्हणून कुणी सुचवेल, जाळी-ग्लास सोडा, कागदी कप घ्या की! त्या कपाला आतून बहुतेकदा प्लॅस्टिकचंच अस्तर असतं. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक कपांवर देशभर बंदी आली आणि हा कागदी पठ्ठ्या सोवळं नेसून पंगतीत बसला.

जाळीला मात्र पर्यावरणाचा पुरस्कार नाही. तिचा गुन्हा एकच: ती लवकर मोडत नाही, आणि न मोडणाऱ्या वस्तूचं टेंडर दरवर्षी काढता येत नाही.