जिभेच्या जोरबैठका

कोल्हापुरात पोरगं दहाव्या वर्षी तालमीत जातं, नाहीतर पेठेच्या फुटबॉल संघामागं हिंडतं. मी पंचावन्नाव्या वर्षी इंग्रजी उच्चारांच्या क्लासला गेलो. कारण पुतण्या. त्याला परदेशी शिकायला जायचंय आणि त्याआधी आयईएलटीएस नावाचा गड चढायचाय. "काका, जोडीनं गेलं तर फीत सवलत हाय," तो म्हणाला. सवलत आहे म्हटल्यावर मी ज्ञानाला कधी पाठ दाखवलेली नाही.

क्लास राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. आत भिंतभर आरसा. दारातच सर म्हणाले, "चपला बाहेर काढा. मराठीही."

पहिल्या दिवशी व्ही आणि डब्ल्यू. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर बारा माणसं ओळीनं ओठ चावत उभी, मधूनच सगळ्यांचा चंबू. जिन्यातून बघणाऱ्याला वाटावं, आज मिसळीचा कट जरा जास्तच झणझणीत पडलाय. सरांचं म्हणणं असं की 'व्हेस्ट' म्हणजे बनियन आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. गल्लत केलीत तर लंडनचा माणूस तुम्हाला भलतीकडेच धाडेल. मी उभ्या आयुष्यात बनियनला बनियन म्हटलंय आणि पश्चिमेला रंकाळा. कधी चुकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तोंडाचा उभा छेद काढला. घसा, टाळू, दात, ओठ. कुठला आवाज कुठून निघतो त्याचा नकाशा. त्याच्या झेरॉक्सचे पैसे वेगळे. मला पहिलीचा वर्ग आठवला. क-वर्ग घशातून, च-वर्ग टाळूवरून, मग मूर्धा, दात आणि शेवटी ओठ, अशी आतून बाहेर ओळीनं लावलेली वर्णमाला आम्ही छड्या खाऊन फुकटात पाठ केली होती. इंग्रजीचा संसार वेगळा. अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४. स्वरांची अक्षरं ५ आणि त्यांच्या जिवावर राहणारे स्वर वीसेक. म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडं. आज दार कोण उघडेल ते घरमालकालाही सांगता येत नाही. 'रिसीट'मधला पी तर नुसता पाटीवर नाव लावून असतो, घरात कधी सापडत नाही.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली आणि तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी इंग्रजी पहिलीत आणलं. पण लिहिलंय तसं बोलायचं, ही देवनागरीची सवय हाडात मुरलेली. 'कम्फर्टेबल'मधलं एकेक अक्षर आम्ही एसटीतून पाहुणे उतरवून घ्यावेत तसं सांभाळून उतरवतो. सर म्हणाले, "कम्फ्टबल." एवढ्या घाईत उरकायचं, तर त्यात आराम कसला?

तिसऱ्या दिवशी सरांनी पुतण्याला 'झू' म्हणताना पकडलं. "झ नको. मधमाशीसारखा आवाज काढा." अर्धा तास वर्गात मोहोळ उठलं, पण पुतण्याच्या तोंडून मधमाशी काही बाहेर पडेना. मी हात वर केला. "सर, त्याला नुसतं 'जोर' म्हणायला सांगा." पुतण्या म्हणाला, "जोर." मधमाशी निघाली. जे पोरगं रोज पहाटे तालमीत शंभर जोर मारतं, त्याच्या जिभेवर तो आवाज आईच्या दुधाबरोबर आलाय. फक्त पाटीवर त्याला वेगळं अक्षर नाही. 'जेवण'मधला ज एक, 'जोर'मधला दुसरा. 'चार'मधला च एक, 'चारा'मधला दुसरा. ह्यासाठी आपण कुणा गोऱ्याला कधी आरशापुढं उभं केलं नाही. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नो मराठी, प्लीज."

खरंच, साहेबाला कोण उभं करणार? त्यानं पुण्याचं पूना केलं, खडकीचं किर्की, वांद्र्याचं बॅन्ड्रा. त्याच्या वखारीच्या कागदांत शिवाजी महाराजांचं नावसुद्धा 'सेवाजी' असं पडलं. आपण त्याच्या लॉर्डचा 'लाट' केला आणि ऑफिसचं 'हापिस' केलं. आपण केलं तो अडाणीपणा. त्यानं केलं ते स्पेलिंग.

आणि हे काही जुनं झालेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल आपल्या कोल्हापुरी चपलांसारख्या चपला घालून चालले. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी तिथं तिचं नाव काय? लेदर सँडल. 'ल्हा' जड गेला असणार. इकडून ओरड झाल्यावर मात्र जीभ बरोबर वळली आणि मूळ भारताचं असल्याचं कबूल झालं. त्यासाठी कुणी ओठ चावल्याचं ऐकलं नाही.

पुतण्याच्या कितीतरी आधी आमचे शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले. केंब्रिजनं त्यांना सन्मानानं एलएल.डी. दिली. ते तिकडं असतानाच इकडं २६ जुलैला करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखण्याचा हुकूम निघाला. त्या हुकमाची आठवण आजही निघते. महाराजांचा व्ही दातांतून निघायचा की चंबूतून, ही चौकशी अजून कुणी केलेली नाही.

चौथ्या दिवशी पुतण्यानं परीक्षेचे नियमच वाचून दाखवले. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. गुणांचे चार सारखे वाटे: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात बघतात काय, तर समोरच्याला त्रास न होता कळतंय का. बोलण्यात गावाकडची छटा राहिली म्हणून कुणी सुळावर देत नाही. "मग सर, आमचा हेल कशाला काढताय?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "तो ॲडव्हान्स कोर्समध्ये निघतो."

सरांना हसत हसत मी जिना उतरलो आणि अर्ध्यावर एक जुनी आठवण आडवी आली. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणलं. प्राध्यापकाकडं उच्चार शिकणाऱ्या फुलवालीला सगळं थिएटर हसायचं. पुढं कधीतरी मीही ते पाहिलं आणि पोट धरून हसलो. हसताना मी प्राध्यापकाच्या बाजूनं होतो.

तेवढ्यावरही सुधारलो असतो, तर सदर इथंच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले मामा दारात आले. "अण्णा, आज पानी आलं न्हाई व्हय नळाला?"

चार दिवसांच्या क्लासनं माझी जीभ शिवशिवत होती. "मामा, पानी नव्हे. पाणी. जीभ अशी वर वळवायची. ण."

मामांनी माप कॅनला अडकवलं, झाकण लावलं आणि शांतपणे माझ्याकडं पाहिलं.

"अण्णा, दुधात घातल्यावर न काय आन् ण काय. जिभंला कळतंयच की."