सहउद्घाटकांची लोकशाही

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, बाजार, पाहुणेरावळे. रात्री मंडपात नाटक. आठ दिवस आधी पत्रक निघतं. भंडारा जिल्ह्याचं राजकारण ज्याला समजून घ्यायचं असेल, त्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवून ही पत्रकं वाचावीत. (वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यानं असं सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, पण असो.) वर ठळक अक्षरांत उद्घाटक. खाली सात-आठ सहउद्घाटक. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, आणि शेवटी 'यांची विशेष उपस्थिती' म्हणून उरलेला तालुका. नाटकाचं नाव तळाशी, चष्मा पुसून वाचावं लागेल असं.

या पत्रकाची एक भाषा आहे. माजी आमदार उद्घाटकाच्या जागी असेल तोवर त्याच्या तिकिटाची आशा जिवंत आहे असं समजावं. दीपप्रज्वलक झाला की तो दुसऱ्या पक्षाच्या वाटेवर आहे. विशेष अतिथींत सरकला की पक्ष बदलूनही उपयोग नाही, आणि हे मंडई समितीला त्याच्याआधी कळलेलं असतं. नावांचा क्रम वर्गणीच्या पावतीबुकावरून ठरतो. म्हणून तर तो मतदानपूर्व चाचण्यांहून भरवशाचा. चाचणीत मत सांगायला पदरचं काही जात नाही.

२०२४ मध्ये विधानसभेचं मतदान आलं २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन मंडईत. वर आचारसंहिता. व्यासपीठावर चढलं तर अख्ख्या मंडपाचं भाडं आपल्या खर्चात धरतील, या धाकानं उमेदवार खाली प्रेक्षकांत. दर दोन प्रवेशांनी निवेदक सांगणार, 'आपल्यामध्ये एक थोर नाट्यरसिक बसलेले आहेत!' थोर नाट्यरसिक उठून चारी दिशांना हात जोडणार. पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही, मत मागणं नाही. फक्त गळ्यात उपरणं, आणि उपरण्याला रंग असतो हा काही त्यांचा दोष नव्हे. तिसऱ्या अंकाला ते दुसऱ्या गावच्या मंडईत, तिथल्या नाटकाचे थोर रसिक. त्या हंगामात एकाही उमेदवारानं एकाही नाटकाचा शेवट पाहिला असेल असं मला वाटत नाही.

खर्चाचंही नाटकच, पण ते शेवटपर्यंत पाहावं लागतं. विधानसभेला उमेदवारानं ४० लाखांच्या वर खर्च करायचा नाही, लोकसभेला ९५ लाखांच्या वर. त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. चहाचा कप, खुर्ची, फुलांचा हार, जीपचं भाडं, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालय आधीच ठरवून देतं. जेसीबीतून फुलं उधळली तर फुलांचे वेगळे आणि जेसीबीचे वेगळे. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव छापणं कायद्यानं सक्तीचं, सोबत प्रतींची संख्याही छापतात. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पत्रकावर 'प्रती १०००' असं होतं आणि त्यातली पाच आमच्याच दारात पडली. म्हणजे उरलेल्या साऱ्या मतदारसंघाला ९९५.

या दरपत्रकात मतदानाच्या आदल्या रात्रीचा दर तेवढा नसतो. ४८ तास आधी प्रचार थांबतो, दारूची दुकानं बंद होतात, गाव शांत होतं आणि मग कामाला लागतं. त्याला आपण लक्ष्मीदर्शन म्हणतो, कारण देवाधर्माच्या गोष्टीची पावती मागत नाहीत. 'काहून जी, औंदा दर्शन उशिरा?' असं कुणी विचारलं तर समजावं की मतदारराजा जागृत आहे.

परगावच्या माणसाला वाटतं, भंडाऱ्यात पक्ष फार आणि माणसं फार. तसं नाही. माणसं तीच. धानाच्या बांधीत आलटूनपालटून पीक घ्यावं तसे त्यांच्यात पक्ष घेतले जातात. २०१४ च्या लोकसभेला नाना पटोले यांनी भाजपच्या कमळावर राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेल यांना सुमारे दीड लाख मतांनी पाडलं. डिसेंबर २०१७ मध्ये पटोल्यांनी भाजपही सोडला आणि खासदारकीही. मग २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपची ही जागा हिसकावायला राष्ट्रवादीनं कुणाला उभं केलं? भाजपच्याच तुमसरच्या माजी आमदार मधुकर कुकडे यांना. ते निवडून आले. २०२४ च्या लोकसभेला पटेल महायुतीत, म्हणजे ज्या कमळानं त्यांना पाडलं होतं त्याच कमळाच्या बाजूनं. आणि पटोले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. काँग्रेसचे प्रशांत पडोळे सुमारे ३७ हजारांनी जिंकले. मधल्या दहा वर्षांत हलला नाही तो एकटा मतदार, आणि अस्थिर मतदार म्हणून विश्लेषण झालं ते त्याचंच.

मे २०२२ मध्ये तर बहारच आली. मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एका सरकारात मांडीला मांडी लावून बसलेले. इकडे भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसनं अध्यक्षपद मिळवलं ते भाजपच्या फुटीर गटाला सोबत घेऊन, आणि शेजारच्या गोंदियात राष्ट्रवादी भाजपसोबत गेली. मग पाठीत खंजीर खुपसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. वैनगंगेच्या दोन तीरांवर एवढे खंजीर असून भंडाऱ्याची पितळी भांडीच प्रसिद्ध का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मतदाराच्या चिकाटीबद्दल मात्र बोलायला हवं. कुकडे जिंकले ती पोटनिवडणूक २८ मे २०१८ ची. नवतपा चालू, विदर्भाचं ऊन, आणि मतपावती दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं जागोजाग बंद पडली. कारण सांगण्यात आलं उन्हाचं. यंत्रांना उष्माघात झाला, रांगेतल्या म्हातारीला नाही. तिनं पदराखाली कांदा बाळगला होता. यंत्राला तसं सांगणारं कुणी नसावं. ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं आणि तिथले लोक दुसऱ्यांदा तशाच उन्हात जाऊन उभे राहिले.

ते कशासाठी उभे राहतात? विचाराल तर उत्तर येतं, गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. पुढे आकडा १८ हजार कोटींवर गेला, बुडालेल्या गावांचं पुनर्वसन भाषणांत राहिलं. जिल्ह्यात प्रत्येक निवडणूक लढवणारा आणि कधीही अनामत जप्त न झालेला हा एकमेव उमेदवार आहे. त्याच्या जोडीला धानाचा बोनस. तो हेक्टरी किती, हे पावसापेक्षा मतदानाच्या तारखेवर अवलंबून असतं अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत आहे, आणि अनुभवानं ती अजून तरी खोटी पडलेली नाही.

मतांचे हिशेब इथं जुनेच. याच भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हा हा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव; मतदाराला दोन मतं. आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच न देता वाया घालवलं तर सर्वसाधारण जागेच्या मतांचं गणित आपल्या बाजूनं झुकेल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडल्याचं सांगतात. बाबासाहेबांनी तो मानला नाही. घटना लिहिणाऱ्यानंच मत वाया घालवा म्हणून सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते आठ हजारांवर मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. आजच्या एखाद्या निवडणूक-सल्लागाराला हा किस्सा सांगून पाहा. तो आधी विचारेल, 'त्यांचं बूथचं मॅनेजमेंट कुणाकडे होतं?' आज त्या उमेदवाराच्या नावानं शपथ घेतल्याशिवाय कुठल्याच पक्षाची सभा सुरू होत नाही, आणि सभा संपल्यावर सगळे मतांच्या त्याच हिशेबाला बसतात.

हिशेब किती बारीक झालाय ते साकोलीनं दाखवलं. २०२४ च्या विधानसभेत पटोले तिथून २०८ मतांनी निवडून आले. समोर राष्ट्रवादीतून ऐनवेळी भाजपमध्ये आलेले अविनाश ब्राह्मणकर. २०८ हा आकडा लोकशाहीला फार महाग पडतो. दोन-पाच हजारांनी जिंकलेला माणूस पुढं कुणाला ओळखत नाही. २०८ नं जिंकलेल्याला प्रत्येक जण ओळखतो. त्या निकालानंतर 'आमच्याच टोलीच्या मतांनी सीट निघाली' असं सांगणारे मलाच इतके भेटलेत की त्यांची नुसती बेरीज केली तरी हे मताधिक्य लाखावर जावं. एक गावपुढारी तर दोन्हीकडे जाऊन आल्याचं ऐकतो. इकडे सांगितलं, 'भाऊ, ते २०८ आपले.' तिकडे सांगितलं, 'भाऊ, २०८ च कमी पडले, डिझेल वेळेवर आलं असतं तर तेही आणले असते.' दोन्हीकडे त्याला चहा मिळाला. आचारसंहिता उठलेली असल्यानं तो कुणाच्याच खात्यात लागला नाही.