सुरगाण्याहून दमणला : नवविवाहितांचा समुद्रमुक्काम

सुरगाणा तालुक्यातील नवविवाहितांचा हनिमून म्हणजे दमणमधल्या दोन रात्री. बाकीचे पर्याय घरोघरी तपासून बाद झालेले आहेत. सापुतारा इतके जवळ की तिथल्या तळ्याकाठी ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच, आणि ते बहुधा नवरीचे मामा असतात. महाबळेश्वरहून परतलेल्याला ‘स्ट्रॉबेरी काय, आपल्या बोरगावलाही होते’ एवढेच ऐकावे लागते. गोवा खिशाला झेपत नाही. दमण मात्र धरमपूर-वापी मार्गे अर्ध्या दिवसात गाठता येते.

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. १९४७पूर्वी निघालेल्या जोडप्याला सुरगाणा संस्थानातून धरमपूर संस्थानात, तिथून इंग्रजी मुलखात आणि शेवटी पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरावे लागले असते. दोन रात्रींसाठी चार राजवटी. पोर्तुगीज डिसेंबर १९६१मध्ये गेले. आता आधार कार्ड पुरते, म्हणजे पुरायला हवे. नवरीच्या कार्डावर अजून वडिलांचे नाव असते. लॉजचा मॅनेजर दोन्ही कार्डे शेजारी शेजारी ठेवतो, आडनावे वाचतो आणि मान वर करतो. अशा वेळी वाद घालू नये, लग्नपत्रिका पुढे करावी. मॅनेजर ती गणपतीच्या चित्रापासून वाचायला घेतो. खाली ‘किलबिल’मध्ये पोहोचला की त्याची खात्री पटते, खोट्या लग्नासाठी अकरा पोरांची नावे कोणी छापत नाही.

निघण्याची तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली शेतीची. राब भाजून झालेला असावा आणि मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, घरी परत यावे. नागलीची रोपे कोणाच्या हनिमूनसाठी थांबत नाहीत. दुसरी गोष्ट तिथीची, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. मुहूर्तासाठी ज्या पंचांगाची पाने चाळून मऊ झाली, ते समुद्रासाठी कोणी उघडत नाही. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असल्याने दमणला भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते खरे, पण त्या भागात ते साधारण दुपारी येते. संध्याकाळी हातात हात घालून जोडपे किनाऱ्यावर पोहोचते तेव्हा समोर दूरपर्यंत चिखल आणि खडक, आणि पाणी पार क्षितिजाकडे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सूर्यास्त आणि पाणी ही दोन्ही एकाच फोटोत हवी असल्यास अष्टमीच्या आसपास जावे. तेव्हा भांगाची भरती असते, लाटा बेताच्या असतात, पण पाणी जागेवर असते. देवका किनारा खडकाळ आहे, तिथे पाण्यात उतरू नये. जांपोरला सुरूची झाडे आहेत. सावलीत बसता येते.

जेवणाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पापलेटचा भाव विचारून बोंबील मागवावेत. आईने बांधून दिलेली नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी दुसऱ्या दिवशी सकाळी, दार लावून, खावी.

एकांताची अडचण वेगळीच आहे. गावाकडे फोनला रेंज नसते, म्हणून माणूस टेकडीवर चढल्याशिवाय कोणाला सापडत नाही. दमणमध्ये रेंज भरपूर. परिणामी पहिल्या संध्याकाळी सासूबाई, दोन मावश्या, मंडपवाला आणि ‘पोहोचले का’ विचारणारे भाऊजी अशा क्रमाने फोन येतात. फोन बंद ठेवल्यास शोधाशोध सुरू होते; त्यापेक्षा प्रत्येकाला ‘पोहोचलो, जेवलो’ सांगून टाकावे.

परतीच्या वाटेवर विशेष काळजी घ्यावी. दमणमध्ये दारू मिळते, पण रस्ता गुजरातमधून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. बाटली नेणे गुन्हा ठरतो. समुद्र कधीच न पाहिलेल्या आजीसाठी मात्र एक बाटली नेतातच. त्यात खारे पाणी असते. वापीच्या नाक्यावर पोलीस ती वर धरून पाहतो, झाकण उघडून हुंगतो आणि न राहवून बोट बुडवून चाखतो. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू नये.

घरी आजी तेच करते. लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, तेव्हा तिचाही चेहरा तसाच होतो. नार आणि पार या तालुक्यातल्या नद्या शेवटी याच समुद्राला मिळतात, हे सांगितल्यावर ती म्हणते, ‘मग आपलं गोड पाणी देऊन हे काय आणलंस?’ यावर उत्तर शोधत बसू नये. उरलेले पाणी दारातल्या भोपळ्याच्या वेलाला घालू नये, वेल जळतो.