शास्त्रोक्त आबा

मुंबईत उभी हयात नोकरी करून वेंगुर्ल्याला परतलेला चाकरमानी पहिले सहा महिने काय करतो ते सगळ्यांना पाठ आहे. घराला रंग काढतो, विहिरीवर पंप बसवतो आणि बांधावरून चुलतभावाशी बोलणं टाकतो. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. कोणी देवस्थानच्या कमिटीत शिरतो, कोणी काजूच्या कलमांना खत आणि हवामानाला शिव्या घालत बसतो. पण प्रत्येक वाडीत एक तरी असा निघतोच, की जो कचेरीतून निवृत्त होतो आणि कचेरी काही त्याच्यातून निवृत्त होत नाही. त्याला कुठलीच गोष्ट नुसती करता येत नाही. ती ‘शास्त्रोक्त’च व्हावी लागते. आमच्या वाडीतल्या या नगाला सगळे आबा म्हणतात.

आबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बोलतात छापील मराठीत. चिडले की मात्र एका वाक्यात मालवणीवर उतरतात. गावी आल्यावर त्यांनी आधी गांडूळखत शास्त्रोक्त केलं. खड्ड्यावर तारीखवार पाटी होती, आत मात्र गांडुळं राहिली नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, “तीच शाणी, वेळार गेली.” मग कासव आलं.

कासव मुलाचं. म्हणजे नातवाच्या हट्टापायी मुलाने मुंबईत घेतलेलं, आणि मुलाची बदली दुबईला झाल्यावर ओघानेच आईबापांकडे आलेलं. कोकणात मुंबईहून जुना फ्रीज येतो, जुना सोफा येतो, तसंच हेही आलं. कुडाळ स्टेशनवर उतरलं तेव्हा मिठाईच्या खोक्यात होतं आणि वजनाला एखाददुसऱ्या पेढ्याहून जास्त नसावं. जात सुलकाटा, मूळ गाव आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला.

खोका उघडण्याआधी आबांनी कागद मागितले. हे त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली तेव्हा ते पहिल्या अनुसूचीत गेलं, आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. परदेशी कासवाचं तसं नाही. पण ते ज्या आंतरराष्ट्रीय यादीत येतं, त्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्याने २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची, आणि पुढे हस्तांतर झालं, पिल्लं झाली, प्राणी मेला, तर तेही कळवायचं. मुलाने सगळं केलेलं होतं. आबांनी चष्मा पुसून प्रत्येक कागद वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या स्वतःच्या घराच्या सातबारावर बत्तीस नावं आहेत, त्यातली अकरा मेलेल्यांची. इथे चार बोटांचा एक जीव, एकच मालक, कुठेही खाडाखोड नाही. “याला म्हणतात रेकॉर्ड,” आबा म्हणाले, आणि त्या क्षणी कासव घरातलं झालं.

दुसऱ्या दिवसापासून शास्त्र सुरू झालं.

वाडीतल्या पोरांनी काचेची जुनी मासळीची टाकी आणून दिली होती. आबांनी ती परत केली. जमिनीवरच्या कासवाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर तिला टकरा देत राहतं. त्याला हवी लाकडी, उघड्या तोंडाची, न दिसणाऱ्या भिंतींची पेटी. सुताराला बोलावलं. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, फणसाच्या फळ्या. सुताराने माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि थोडा वेळ आबांच्या तब्येतीकडे बघत राहिला.

“आबानू, एक इचारू? पाळण्याक ही मोठी झाली, नि दुसऱ्या कामाक झाकण नाय.”

आबा मालवणीवर आले. सुतार चहा न घेता गेला, पण पेटी उत्तम करून दिली.

पेटीत काय पसरायचं? नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओल धरतो, पायाला मऊ लागतो आणि पिल्लाला त्यात अंग पुरून झोपता येतं. आबांनी मोबाईलवरून त्याच्या दाबलेल्या विटा मागवल्या. त्या तामिळनाडूतून आल्या. ज्या वेंगुर्ल्यात काथ्याचं काम करणाऱ्या बायकांची सहकारी संस्था आहे, जिथे परसात सोडणांचा ढीग पावसाळाभर कुजत असतो, तिथे पाच किलो नारळाचा भुसा कुरिअरने उतरला. पाठोपाठ कवचाच्या चुन्यासाठी पांढरं हाड आलं, प्लॅस्टिकच्या पुडीत, एक नग. ते माकुलाच्या पाठीतलं. वैद्य त्याला समुद्रफेन म्हणतात. सागरेश्वरच्या वाळूत सकाळी फिरायला गेलं तर ते पायाखाली मोडतं. मी दहा-बारा उचलून आणून दिली. आबांनी ती घेतली, पण उकळून, वाळवून, वेगळ्या डब्यात, ‘स्थानिक’ अशी चिठ्ठी लावून ठेवली. गवताच्या बियांचं पाकीटही आलं होतं. ते कुंडीत पेरलं, रोज फवारलं, आणि पंधरा दिवसांनी त्यातून जे उगवलं ते काकींनी उपटून देवासमोर ठेवलं. दूर्वा होत्या. अंगणात त्याच दूर्वा फरशीच्या फटींतून निघतात आणि आबा दर रविवारी त्या खुरप्याने काढून टाकतात.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे ते यंत्र. पूर्वी समज असा होता की वाळवंटातलं कासव कोरडं ठेवावं. आता जाणकार उलट सांगतात: पिल्लू दमट हवेत वाढवावं, ८० टक्क्यांच्या आसपास, नाहीतर पाठ गुळगुळीत न राहता कवचावर टेंगळं येतात. आबांनी हे वाचलं आणि हवा दमट करण्याचं यंत्र मागवलं. जुलै महिन्यात. वेंगुर्ल्यात. ज्या घरात तेव्हा चपलांवर बुरशी होती, मिठाचं पाणी झालं होतं आणि काकी तीन दिवसांचे ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर पालटत होत्या, त्या घरात आबांनी ते यंत्र सुरू केलं आणि त्यातून वाफ निघाली. भिंतीवरचा दमटपणा मोजणारा काटा आधीच ९२वर होता.

काकींनी शांतपणे विचारलं, “ह्येका उलटा फिरवूचा बटण खय असा?”

यंत्र माळ्यावर गेलं. बिल फायलीत गेलं.

आता दिवा. याबद्दल मात्र आबांची थट्टा करायचं कारण नाही, ते शंभर टक्के खरं बोलत होते. कासवाला ऊब आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एका कोपऱ्यात ३५ अंशांच्या आसपास तापणारी जागा, दुसरीकडे सावलीचा गारवा, म्हणजे ते आपलं आपण हलून अंगाची ऊब सांभाळतं. आणि उन्हातला जो न दिसणारा भाग असतो, यूव्हीबी, तो नसेल तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, चुना पचत नाही, कवच बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या बाबतीत बिनकामाचं, कारण काच नेमका तेवढाच भाग अडवते. म्हणून खास नळी, रोज बारा तास. आणि ती पेटत असली तरी सहा महिने-वर्षाने बदलायची, कारण उजेड तसाच दिसतो पण आतला गुण उतरलेला असतो.

“पेटता हा मा?” काकी म्हणाल्या. “मगे बदलतास कित्याक?”

“गुण उतरतो.”

“मगे घरात बदलूचा तसा बराच काय काय आसा.”

पावसाळ्यात आमच्याकडे जरा वारा सुटला की वीज जाते, आणि गेली की तिची खबर घ्यायला सबस्टेशनला फोन लावणं हा वाडीचा सामुदायिक कार्यक्रम असतो. आबांनी इन्व्हर्टर घेतला. तो पंख्याला नाही, टीव्हीला नाही, फक्त पेटीला जोडला. अख्खी वाडी काळोखात आणि आबांच्या पडवीत जांभळट-पांढरा उजेड, असं दृश्य दिसू लागल्यावर माणसं मोबाईल आणि चार्जर घेऊन हजर झाली. आबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी वही काढली. नाव, वेळ, सही. प्रत्येकी वीस मिनिटं. एक म्हातारी चार्जर न घेताच आली होती. तिने पेटीसमोर हळदकुंकू वाहिलं, एक रुपयाचं नाणं भुशात ठेवलं आणि म्हणाली, “देवळातला दगडाचा हा, ह्या हलता तरी.” दुसऱ्याने तोंड उत्तरेला करायला सांगितलं, म्हणजे पैसा येतो. आतापर्यंत पैसा फक्त गेलेला होता, त्यामुळे आबांनी तेवढ्यापुरतं तोंड कुठे आहे ते तपासलं.

डिसेंबरच्या गार रात्रींसाठी उजेड न देणारा हीटर आला. “माका गोधडी नि तेका हीटर,” यापलीकडे काकींनी त्यावर काही भाष्य केलं नाही.

खाण्याचा प्रश्न वेंगुर्ल्यात फारच नाजूक. सुलकाटा गवतखाऊ. गवत मुख्य, त्याच्या जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढून फड्या निवडुंग. भात नाही, पोळी नाही, दूध नाही, फळंसुद्धा जवळजवळ नाहीत. ज्या गावात शाकाहार हा सोमवार-गुरुवारचा आणि श्रावणाचा आजार समजतात, तिथे बाराही महिने माशाला न शिवणारा प्राणी म्हणजे अपशकुनच. “वायच बांगड्याची कापी लावन बगा, अंग धरीत,” असा सल्ला निदान सात जणांनी दिला, त्यांत एक कंपाउंडर होता. आबांनी पेटीवर फलक लावला: ‘बाहेरील खाद्य देऊ नये. हुकुमावरून.’ चतुर्थीला मात्र पेच पडला. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी आणि लाल जास्वंद. कासवालाही नेमकं तेच. सकाळी परसात आबा आणि काकी एकाच झुडपाच्या दोन बाजूंना, दोघांच्या हातात परडी. काकी मोठ्याने आरतीसाठी तोडत होत्या, आबा हळूच.

रोज सकाळी परातीत कोमट पाणी, हनुवटीपर्यंत, वीस मिनिटं, म्हणजे पिल्लाच्या अंगात पाणी मुरतं. मग पंच्याने टिपणं, मग वजन. वजनाला काकींचा मसाल्याचा काटा. काकी मालवणी मसाला करून विकतात. पाव किलोची ऑर्डर भरताना काट्यावर आधी कोण बसून गेलंय हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. आबांच्या नोंदवहीत पहिल्या दिवशी ३२ ग्रॅम आहे. पुढे ३३, ३३, ३५. एकदा ३४ आलं तर आबांनी दुपारचं जेवण टाकलं. ते बघून काकी मला म्हणाल्या, “आमचो झील चौथीत व्हतो का पाचवीत, ह्येंका मुंबयत असताना कधी म्हायत नसा. आणि आता बगा.” बोलल्या, आणि परात घासायला घेतली. मग आबांना ऐकू जाईल असं, “पाणी कडत झाला हा, हात घालून बगा आधी!”

उघडीप पडली की खरं ऊन. पेटीतून अंगणात, जाळीखाली, शेजारी खुर्चीत आबा, हातात छत्री. एवढं पिल्लू कावळा उचलून नेतो, मुंगूस नेतो, घोरपड नेते. त्यामुळे पहारा हवाच. पण रस्त्याने जाणाऱ्याला जाळी दिसत नाही आणि कासव तर नाहीच. रिकाम्या गवताकडे टक लावून बसलेला आणि मधूनच कावळ्यावर ओरडणारा माणूस तेवढा दिसतो. आबांचे पुतणे एकदा काळजीने चौकशी करून गेले, हिश्शाच्या कागदांवर आताच सह्या घेऊन ठेवाव्यात का, म्हणून.

थंडीत वायंगणीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी जपतात. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री येतात, एका खळग्यात शंभरेक अंडी घालून परत जातात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तोवर गावकरी आणि वनखातं राखण करतं. पिल्लं सोडायच्या सकाळी आबा हजर, काखेत फाईल. राखण करणाऱ्या एका पोराला त्यांनी बाजूला घेतलं आणि दिव्याची वॅट, अंतर, तास, बदलण्याची मुदत असं सगळं नीट समजावलं. पोरगा अदबीने ऐकत होता.

“आबा, आमच्याकडे उलट असता,” तो म्हणाला. “किनाऱ्यार बल्ब पेटतो असलो तर तो बंद करूक लागता. उजेड दिसलो काय पिल्लां दर्याची वाट सोडून थय जातत.”

“आणि आंघोळ?”

पोराने समुद्राकडे बोट केलं.

परतताना आबा गप्प होते. मला वाटलं लागलं असेल. पण ते हिशेब करत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, सुलकाटा सत्तर वर्षं सहज जगतो. वाढून चाळीस-पन्नास किलोचा होतो, कधी त्याहूनही जास्त, आणि मोठा झाला की बिळं खणतो, साधीसुधी नाही, माणूस वाकून बघेल एवढी. म्हणजे पेटी काही वर्षांचीच. पुढे चिऱ्याचं कुंपण लागेल, ते बत्तीस हिस्सेदारांच्या जमिनीत घालावं लागेल, आणि आबा आज सदुसष्ट.

त्याच आठवड्यात आबा वकिलाकडे गेले. मृत्युपत्राचा पहिला मसुदा चार पानांचा झाला. घर अर्ध्या पानात, बाकी कासव. वकिलाने विचारलं, प्राण्याचं नाव काय, नर की मादी? नर-मादी सुमारे फूटभर वाढल्याशिवाय कळत नाही, म्हणून आबांनी नावच ठेवलेलं नव्हतं; काकी त्याला बाबल्या म्हणायच्या, पण ते रेकॉर्डवर नव्हतं. मसुद्यात ‘सदर कासव’ असं लिहिलं. संध्याकाळी आबांनी तो पडवीत मोठ्याने वाचून दाखवला. दिवा किती वाजता लावायचा, नळी कुठून मागवायची, दूर्वा कोणत्या बाजूच्या, आणि सदर कासव दगावल्यास पोर्टलवर कोणी, कसं कळवायचं.

काकी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आणि तुमी गेल्यार खय कळवूचा, ता लिवलास?”

“परिशिष्ट ब,” आबा म्हणाले आणि पान उलटलं.