ड्यूकच्या वाड्यावर भरीत-पुरी

इंग्लंडात मे महिना लागला की दोन गोष्टी हटकून येतात: परागकणांच्या शिंका आणि भारतातले आई-वडील. शिंकांवर गोळी मिळते. आई-वडिलांना मात्र दर शनिवारी काहीतरी दाखवावं लागतं. लंडन पहिल्या पंधरवड्यात संपतं. मग उरतात ती इथल्या जुन्या जहागीरदारांची घरं. गावाबाहेर, शेकडो एकरांच्या मधोमध, पोरांना हरवता येईल एवढ्या खोल्यांची आणि आत जायला तिकीट असलेली. सहकुटुंब दिवस काढायला यापरती जागा नाही, असं इथले लोक सांगतात. पण त्यांच्या कुटुंबात आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा असतो. आपल्या कुटुंबात सासू-सासरे असतात, लेस्टरची मैत्रीण, तिचा नवरा आणि तिची जुळी असतात, आणि कुत्र्याच्या जागी डबा असतो.

आम्ही डर्बीत राहतो, त्यामुळे आमच्या वाट्याला आला चॅट्सवर्थ. हा डेव्हनशरच्या ड्यूकचा वाडा. ड्यूक डेव्हनशरचा आणि वाडा डर्बीशरमध्ये कसा, असं माईंनी विचारलं. "कोल्हापूरकर आडनावाची माणसं पुण्यात राहत नाहीत का?" असं म्हणून अण्णांनी विषय मिटवला.

माई म्हणजे माझ्या सासूबाई आणि अण्णा म्हणजे माझे सासरे. अण्णा रावेर तालुक्यातले केळीवाले. त्यांना कुठलीही जागा दाखवायची म्हटलं की त्यांचे दोनच प्रश्न असतात: क्षेत्र किती आणि सातबारा कोणाच्या नावावर. नवऱ्यानं माहिती वाचून दाखवली. नुसती बागच १०५ एकर. ती धरून भोवतालचं कुरण हजार एकरांच्या घरात, आणि जहागिरीतल्या शेतजमिनी वेगळ्या. १५४९ साली कॅव्हेंडिश घराण्यानं ही जागा विकत घेतली, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच आहे.

"इतक्या पिढ्यांत वाटण्या झाल्या नाहीत?"

"इथे सगळं थोरल्यालाच मिळतं, अण्णा."

अण्णांना दोन धाकटे भाऊ आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण सातबाऱ्याची खरी गंमत पुढे होती. दहाव्या ड्यूकनं वारसा कर चुकवावा म्हणून हयातीतच बहुतेक मिळकत मुलाच्या नावावर केली. पण अशा देण्यानंतर कायद्यानं ठरवलेली मुदत पुरी होईपर्यंत देणाऱ्यानं जगावं लागतं. मुदतीला काही आठवडे उरले असताना, १९५० साली, ड्यूक गेले आणि सरकारनं ऐंशी टक्के कर लावला. तो फेडता फेडता जमिनी गेल्या, चित्रं गेली, हार्डविक हॉल हा दुसरा वाडाही गेला. पुढे १९८१ साली चॅट्सवर्थ एका धर्मादाय न्यासाकडे भाडेपट्ट्यानं दिला, आणि ड्यूकचं कुटुंब आता न्यासाला भाडं भरून तिथं राहतं.

"मालकच भाडेकरू!" अण्णा खूश झाले. "मग जाऊ या. बघितलंच पाहिजे."

नियोजनाला व्हॉट्सॲप ग्रुप लागतो. तो निघाला, आणि त्यावर नवऱ्यानं एक्सेलचा तक्ता टाकला. साडेनऊला निघणं, साडेदहाला वाडा, बाराला बाग, एकला जेवण, दोनला गोठा आणि खेळाचं मैदान, चारला परत. माणसं दहा, त्यांतली चार दहा वर्षांखालची, असं असूनही तक्त्यात शौचालयाला एकही रकाना नव्हता. मैत्रिणीला २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमातलं डार्सीचं घर बघायचं होतं. ते हेच. तिला तिथल्या संगमरवरी पुतळ्यांच्या दालनात फोटो हवा होता. माईंना देऊळ हवं होतं. वाड्यात चॅपल आहे म्हटल्यावर त्या तयार झाल्या. मुलांना कोणी विचारलं नाही. त्यांनी मात्र एका कागदावर 'आइसक्रीम, शेळी, चिखल' एवढं लिहून तो फ्रिजवर लावून ठेवला होता.

तिकिटांवरून एक बैठक झाली. वाडा आणि बाग यांचं तिकीट एक, गोठ्याचं आणि मैदानाचं दुसरं, गाडी लावायची तर त्याचे पैसे निराळे. कुरणात हिंडायला मात्र काही पडत नाही. "मग कुरणातच बसू," असा ठराव अण्णांनी मांडला. गोठ्यात गाईचं दूध काढून दाखवतात, हे कळल्यावर तर त्यांनी हातातला चष्माच खाली ठेवला.

"धार काढताना बघायला तिकीट? आमच्याकडे या म्हणावं. वर चहा देतो."

जेवणाचा प्रश्न माईंनी कुणालाही न विचारता सोडवला. रावेरची माणसं शेतावर जेवायला निघाली की भरीत-पुरी होते. ड्यूकचं झालं तरी शेतच. पण भरताचं वांगं हिरवं, लांब, तिकडच्या बामणोदचं लागतं. डर्बीच्या दुकानातलं जांभळं, चकचकीत वांगं त्यांनी हातात घेतलं आणि "आजारी आहे का हे?" असं विचारलं. शेवटी तेच घेतलं. शनिवारी पहाटे पाचला ते गॅसवर भाजायला ठेवलं आणि साडेपाचला घरातला धुराचा अलार्म वाजला. सगळी गल्ली आमच्या सहलीच्या वेळेवर उठली. नवऱ्याच्या तक्त्यातली ही एकमेव गोष्ट, जी वेळेच्या आधी झाली.

डर्बीहून रस्ता डरवेंट नदीच्या काठानं वर चढतो. वाटेत क्रॉमफर्ड लागतं. १७७१ साली आर्कराइटनं पाण्यावर चालणारी कापसाची सूतगिरणी काढली, ती इथंच. हे सांगेपर्यंत धाकट्याला गाडी लागली, त्यामुळे औद्योगिक क्रांती आम्ही खिडक्या उघड्या ठेवून पार केली. पुढे मॅटलॉक बाथ. समुद्र कुठल्याही बाजूनं पन्नासेक मैलांच्या आत नाही, तरी गावभर तळलेले मासे, चिप्स आणि आइसक्रीमची दुकानं, आणि समुद्रावर आल्याच्या थाटात हिंडणारी माणसं. मुलांच्या यादीतला पहिला शब्द इथंच पुरा झाला. तक्ता वीस मिनिटं मागे पडला.

चॅट्सवर्थच्या आवारात शिरताना एडन्सर नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथली घरं एकापेक्षा एक देखणी, आणि एकासारखं दुसरं नाही. हे गाव पूर्वी वाड्याच्या जवळ होतं. खिडकीतून बघताना ते नजरेत येतं, म्हणून वाड्याच्या मालकांनी ते टप्प्याटप्प्यानं हलवलं. शेवटचं मोठं काम १८३० च्या दशकाअखेरीस सहाव्या ड्यूकनं काढलं.

"धरण नाही, कालवा नाही," अण्णा म्हणाले, "नुसतं दिसतं म्हणून गाव उठवलं?"

मग समोरची हिरवी टेकाडं, त्यांवरची झाडं, नदीचं वळण पाहून त्यांचं मन जरा निवलं. हे सगळं 'नैसर्गिक' दिसावं म्हणून कॅपेबिलिटी ब्राउन नावाच्या माणसाकडून मुद्दाम करवून घेतलंय, हे मी त्यांना परत निघेपर्यंत सांगितलं नाही.

साडेदहाला वाडा, असं तक्ता म्हणत होता. साडेअकराला आम्ही वाहनतळावर होतो, आणि जुळ्यांना शेळीचा आवाज ऐकू आला. तिथं तक्ता संपला. पुढचे दोन तास चारही मुलं गोठ्यात आणि मैदानात होती. वाळू आणि पाणी एकत्र केलं की चिखल होतो, हा शोध त्यांनी स्वतंत्रपणे लावला. दूध काढण्याच्या प्रात्यक्षिकाला अण्णा सर्वांत पुढे बसले होते. गाय शांत होती, बाई नीट समजावत होत्या, इंग्रज मुलं डोळे विस्फारून बघत होती. दूध दुकानातून येत नाही, ही बातमी त्यांतल्या काहींना नवी दिसली. अण्णांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. "हात चांगला आहे," एवढंच म्हणाले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

जेवण हिरवळीवर झालं. शेजारच्या कुटुंबाच्या टोपलीत काकडीची सँडविचं होती. त्यांच्या कुत्र्यानं आमच्याकडे तोंड करून बसायचं ठरवलं आणि मालकानं हाका मारूनही ते बदललं नाही.

मग बाग. तिथं एक विलोचं झाड आहे. निष्पर्ण, धातूचं. पाहुणा जवळ आला की फांद्याफांद्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाव्यात, म्हणून मूळ झाड १६९० च्या दशकात उभारलं. नंतर ते बदललं, पण खोडी कायम ठेवली. १८३२ साली तेरा वर्षांची राजकुमारी व्हिक्टोरिया इथं आली, तेव्हा तिलाही हेच झाड आवडलं होतं. आमची मुलं तिच्या पावलावर पाऊल टाकून थेट फवाऱ्याखाली गेली. अण्णांनी जन्मभर ठिबकच्या नळ्या जोडल्यात. ते सांधे बघायला वाकले, तेवढ्यात वारा फिरला.

"दाब चांगला आहे," टोपी पिळत ते म्हणाले.

खरं कौतुक त्यांनी केलं ते एम्परर कारंज्याचं. रशियाचा झार निकोलस येणार अशी वदंता होती, म्हणून सहाव्या ड्यूकनं आपला माळी जोसेफ पॅक्स्टन याला जगातलं सर्वांत उंच कारंजं करायला सांगितलं. पॅक्स्टननं टेकडीवर आठ एकरांचं तळं खोदलं. मशालींच्या उजेडात रात्रीसुद्धा काम चालवून सहा महिन्यांत, १८४४ साली, सगळं पुरं केलं. कारंजं २९६ फुटांपर्यंत उडाल्याची नोंद आहे. ना पंप, ना इंजिन. पाणी वरून खाली येतं आणि आपल्याच जोरानं वर जातं. झार मात्र आलाच नाही.

"मोटार नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, रात्रीच्या लाइटीची वाट बघणं नाही," अण्णा म्हणाले. रात्री दोनला पंप चालू करायला शेतावर गेलेल्या माणसालाच हे वाक्य असं म्हणता येतं. "झाराचंच नुकसान."

याच पॅक्स्टननं इथं एक प्रचंड काचघर बांधलं होतं, आणि त्या अनुभवावर पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, काचघरातली झाडं मेली, आणि १९२० साली ते पाडलं. त्या जागी आता १९६२ साली लावलेल्या यू झाडांचा भुलभुलैया आहे. मैत्रिणीचा नवरा त्यात मुलांना शोधायला गेला. मुलं बाहेर आली. त्याचा फोन आला की मी एका हिरव्या झाडापाशी उभा आहे.

तो सापडेपर्यंत मी अण्णांना राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. १८३० च्या सुमारास पॅक्स्टननं मॉरिशसकडून आलेल्या केळीचं एक रोप मिळवलं आणि इथल्या काचघरात वाढवलं. १८३५ साली ती निसवली. ड्यूकच्या आडनावावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. इथली रोपं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांपर्यंत गेली. पुढे पनामा रोगानं तेव्हाची बाजारातली मुख्य जात बुडवली, आणि जगाच्या व्यापारात तिची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. अण्णांच्या वडिलांची बसराई याच कुळातली. अण्णांच्या शेतातली ग्रँड नैनही याच कुळातली.

अण्णांनी डब्याच्या पिशवीतून इथल्या दुकानातलं केळं काढलं, उलटसुलट पाहिलं आणि वाड्याकडे नजर टाकली. "म्हणजे नाव ठेवणारी आत्या हा ड्यूक!"

सहाव्या ड्यूकनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आत्याबाईंना बारशी करायला वेळही भरपूर होता.

वाड्यात आम्ही शिरलो ते तासभर उरला असताना. रंगवलेली छतं, सोनेरी चौकटी, पुतळे, सगळं पाहिलं. मैत्रिणीचा फोटो झाला, माईंनी चॅपलमध्ये हात जोडले. एका दालनात अर्धवट उघड्या दारामागे व्हायोलिन टांगलेलं दिसतं. ते खरं नाही, दारावर रंगवलेलं आहे, आणि तीनशे वर्षं लोक फसतायत. धाकट्यानं ते काढून मागितलं. चित्र आहे म्हटल्यावर तो इतका खूश झाला की तिथून हलेना.

मोठी माणसं फलक वाचत होती, इसवी सन लावत होती. मुलांना मात्र न वाचता सगळं कळलं होतं. अंगावर पाणी उडवणारं झाड, खोटं व्हायोलिन, न आलेल्या पाहुण्यासाठी आकाशाला भिडवलेलं कारंजं, आवडत नाही म्हणून उचलून ठेवलेलं गाव. पुतळ्यांच्या दालनात अण्णा हळूच म्हणाले, "सूनबाई, हे सगळं लहान पोराचं काम आहे गं. पोराकडे पैसा होता, एवढंच."

चॅट्सवर्थबद्दल याहून नेमका शेरा मी कुठल्याही पुस्तिकेत वाचलेला नाही. तेव्हा पोरं घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर नियोजन पोरांनाच करू द्या. आधी शेळी, मग चिखल, मग कारंजं, आणि वाडा सर्वांत शेवटी, पाय दुखायला लागल्यावर. तिकिटं घरूनच काढा. वांगी आदल्या संध्याकाळी भाजा, खिडक्या उघड्या ठेवून. कपड्यांचा एक जादा जोड जरूर घ्या. मुलं ओल्या कपड्यांत दिवस काढतात. जोड आजोबांच्या मापाचा असू द्या.