कुंडीपंडित

कुंडीपंडित हा महाराष्ट्रातल्या शहरी गृहनिर्माण संस्थांमध्ये आढळणारा, बहुधा पन्नाशी ओलांडलेला फ्लॅटमालक होय. घरात कोणते रोप कोणत्या दिशेला ठेवले म्हणजे लक्ष्मी येते, कोणते ठेवले म्हणजे ती आल्या पावली परत जाते आणि शेजाऱ्यांकडे ती अजून का फिरकलेली नाही, हे त्याला तोंडपाठ असते. डोंबिवली, ठाणे, कोथरूड, नाशिक या भागांत त्याची वस्ती दाट आहे. भाडेकरूंमध्ये तो क्वचितच सापडतो. दर अकरा महिन्यांनी ज्याचा दरवाजा बदलतो, त्याला हे शास्त्र परवडत नाही. मुलाची अडकलेली बढती, मुलीचे लांबलेले लग्न किंवा स्वेच्छानिवृत्तीनंतरची मोकळी दुपार, यांपैकी एखाद्या कारणाने त्याला हा नाद लागतो. स्त्रियांमध्येही हा प्रकार आहे, पण एक फरक आहे. कुंडीपंडित फक्त दिशा ठरवतो. त्याच्या कुंड्यांना पाणी घरातली बाईच घालते.

त्याचे मुख्य साधन म्हणजे मोबाइलमधले होकायंत्र. ते नीट चालावे म्हणून मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा लागतो. त्यामुळे तो भिंतीला ओवाळत असल्यासारखा दिसतो. खिडकीच्या लोखंडी ग्रिलजवळ किंवा फ्रिजच्या बाजूला हे यंत्र हमखास चुकते. ग्रिलपाशी उत्तर एकीकडे आणि सोफ्यापाशी दुसरीकडे निघाली, तर ज्या जागी निकाल सोयीचा येतो तिथली उत्तर तो ग्राह्य धरतो.

दिशांची वाटणी त्याला पाठ असते. पूर्व इंद्राची, आग्नेय अग्नीची, दक्षिण यमाची, नैर्ऋत्य निर्ऋतीची, पश्चिम वरुणाची, वायव्य वायूची, उत्तर कुबेराची आणि ईशान्य शंकराची. यांपैकी फक्त कुबेराशी त्याला ओळख वाढवायची असते. इतरांशी बिघडू नये इतकेच. वास्तुपुरुष डोके ईशान्येला आणि पाय नैर्ऋत्येला करून पालथा पडलेला आहे आणि त्याच्या अंगावर पंचेचाळीस देवता बसल्या आहेत, हेही तो समजावून सांगतो. 450 चौरस फुटांच्या वन बीएचकेत प्रत्येक देवतेच्या वाट्याला दहा चौरस फूट येतात. घरात तेवढी हक्काची जागा त्याच्या स्वतःच्या आईलाही नसते.

शास्त्राधार म्हणून तो वराहमिहिराचे नाव घेतो. सहाव्या शतकातल्या या ज्योतिष्याच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वास्तुविद्येवर आणि वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहेत, हे खरे. वड पूर्वेला शुभ आणि पश्चिमेला अशुभ, पिंपळ पश्चिमेला शुभ आणि पूर्वेला अशुभ, औदुंबर दक्षिणेला शुभ आणि उत्तरेला अशुभ, असे नियम तिथे आहेत. घराला खेटून काटेरी झाडे असली तर शत्रूचे भय, चीक येणारी असली तर धनाचा नाश, असेही सांगितले आहे. ती झाडे तोडायची नसतील तर मधे अशोक, बकुळ, फणस, शमी असली चांगली झाडे लावावीत, ही सवलतही तिथेच आहे. यातला एकही वृक्ष बाल्कनीत मावत नाही. अपवाद पिंपळाचा. तो चौथ्या मजल्यावरच्या सांडपाण्याच्या पाइपातून आपला आपण उगवतो. तो उपटायला माळी तयार नसतो आणि वॉचमनही. कुंडीपंडित खाली उभा राहून दिशा पाहतो आणि पश्चिमेला आहे म्हणून शुभ ठरवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीत ओल उतरते, ती पूर्वेला.

ग्रंथातले वृक्ष घरात येत नाहीत, म्हणून कुंडीपंडिताने नर्सरीत मिळणाऱ्या रोपांना दिशा नेमून दिल्या आहेत. यात तुळस तेवढी खरोखर जुनी. तिची जागा पूर्व, उत्तर किंवा ईशान्य. रविवारी आणि एकादशीला तिला पाणी घालायचे नाही, द्वादशीला पान तोडायचे नाही. एवढे पाळूनही ती वाळली, तर घरावरचे संकट तिने अंगावर घेतले असे जाहीर होते. सकाळी सूनबाईंनी, दुपारी आजींनी आणि संध्याकाळी दिवा लावताना आणखी कोणी तांब्या रिकामा केल्यामुळे तिची मुळे कुजली, हे संकट या यादीत धरत नाहीत.

दुसरे रोप मनी प्लँट. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाची. वराहमिहिराच्या ती पाहण्यात येण्याचा संभव नव्हता. तरीही तिची दिशा आग्नेय ठरली आहे, कारण तिथे शुक्राचा अंमल मानतात आणि शुक्र म्हणजे वैभव. ईशान्येला ती वर्ज्य, कारण ती बाजू गुरूची आणि त्या दोघांचे पटत नाही. आता वास्तुप्रमाणे बांधलेल्या घरात आग्नेयेला स्वयंपाकघर असते. म्हणून मनी प्लँटची बाटली गॅसच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी विराजमान होते. फोडणीत मोहरी तडतडली की पानांवर तेलाचे थेंब उडतात, त्यांवर धूळ बसते, महिन्याभरात पान पिवळे पडते. ‘खर्च वाढणार’ असा त्याचा अर्थ लावला जातो. वेल वर चढली पाहिजे, लोंबली तर पैसाही उतरतो, म्हणून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी खिडकीच्या गजाला धरून ठेवतात. शिवाय मनी प्लँट विकत आणला तर फळत नाही, चोरूनच आणावा लागतो. त्यामुळे सोसायटीच्या लॉबीतल्या कुंडीत तो कधी वाढताना दिसत नाही, आणि वार्षिक सभेत हा विषय कुंडीपंडितच सर्वात पोटतिडकीने मांडतो.

तिसरा लकी बांबू. हा फेंगशुईबरोबर आला, चीनमार्गे; मूळ मात्र आफ्रिकेतल्या कॅमेरून भागातले. लाल फीत बांधलेल्या त्याच्या कांड्या काचेच्या भांड्यात पूर्वेला ठेवतात. कांड्या तीन, पाच किंवा आठ. चार नकोत, कारण चिनी लोक चार टाळतात. घरात ऐंशीच्या पुढची आई असेल तर तिचा शेरा ठरलेला असतो: “अरे, बांबू माणसाला घराबाहेर न्यायला लागतो. तू आत कशाला आणलास?” त्यावर कुंडीपंडित तत्काळ वनस्पतिशास्त्राकडे वळतो आणि हा बांबू नव्हेच, ड्रॅसीना आहे, असे सप्रमाण सिद्ध करतो. ते खरेही आहे. संध्याकाळी पाहुणे आले की तो पुन्हा बांबू होतो.

निषिद्ध वर्गात निवडुंग पहिला, कारण काटे. गुलाबाला सूट आहे, कारण गुलाब बायकोला आवडतो. कोरफडीला काटे असूनही ती औषधी म्हणून चालते; इतकेच नव्हे, दारावर उलटी टांगली तर दृष्ट अडवते. पानांतल्या ओलाव्यावर ती महिनोन्‌महिने तग धरते, आणि त्याचे श्रेय दाराला मिळते. रबर प्लँटचे पान तोडले की पांढरा चीक येतो. म्हणजे वराहमिहिराच्या हिशेबाने तो धननाशक. पण तो मुलाने बाराशे रुपयांना आणलेला असतो, म्हणून त्याचे पान कोणी तोडून पाहत नाही.

कुंडीपंडिताचे खरे कौशल्य नियमांत नसून उताऱ्यात आहे. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला तर तिथे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि त्या काळातही बरेच दिवस ढगच असतात. म्हणजे रोपांना लागणारे ऊन ज्या बाजूने भरपूर येते, ती बाजू नेमकी यमाची. उत्तरेच्या खिडकीतली तुळस कुबेराच्या तोंडावर पानगळ करू लागली की कुंडी गुपचूप दक्षिणेच्या ग्रिलमध्ये जाते. मग उतारा निघतो. सबंध घराची ईशान्य एक, प्रत्येक खोलीची वेगळी, आणि बारकाईने पाहिल्यास प्रत्येक ग्रिलचीही वेगळी. या न्यायाने दक्षिणेच्या ग्रिलच्या ईशान्य कोपऱ्यात तुळस शास्त्रशुद्ध बसते, उन्हात वाढते आणि शास्त्र खरे ठरते.

ही सवलत फक्त स्वतःच्या घरापुरती. दुसऱ्याच्या घरी तो अत्यंत कडक असतो. चहाचा कप हातात घेऊन तो बसल्या जागेवरून खिडक्या मोजतो, मोबाइल काढतो, ओवाळतो आणि विचारतो, “वहिनी, हे जेडचं झाड इथे कोणी ठेवलं?” वहिनी म्हणतात, “मीच, भाऊजी. इथे ऊन येतं.” तो कप खाली ठेवतो. “ऊन येतं हो, पण जातं काय काय, ते बघितलंत का?” एवढ्यात कुणाची तरी नोकरी गेलेली, कुणाचे तरी गुडघे दुखत असलेले आठवतेच. तो जिना उतरायच्या आत जेडची जागा बदललेली असते. पुढे नोकरी लागली तर ती जेडमुळे. न लागली तर वहिनींनी तोंड नीट उत्तरेला केले नव्हते म्हणून.

शास्त्र न मानणारी तरुण मंडळी भेटली की तो ‘नासा’ काढतो. 1989 साली नासाच्या एका अहवालात घरातल्या रोपांनी हवेतली काही रसायने शोषल्याचे नोंदले होते, हे खरे. मात्र ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. जुन्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडून 2019 साली दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा रोपे लागतील. त्या वन बीएचकेला हा आकडा चारशेच्या वर जातो. कुंडीपंडिताला तो अशक्य वाटत नाही. फक्त त्यांच्या दिशा ठरवायला वेळ लागेल, असे त्याचे मत असते.

त्याला खरा विरोध दोन ठिकाणांहून होतो. पहिला खालच्या मजल्यावरून. ग्रिलमधल्या कुंड्यांचे तांबडे पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडते, आणि ते वरुणाच्या दिशेने आले हे स्पष्टीकरण सेक्रेटरी नोंदवून घेत नाहीत. दुसरा विरोध महापालिकेचा. पावसाळ्यात डासांच्या तपासणीला आलेला कर्मचारी दिशा विचारत नाही. तो सरळ मनी प्लँटच्या बाटलीत आणि लकी बांबूच्या भांड्यात टॉर्च मारतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. 2001 साली तर चीनहून लॉस एंजेलिसला जहाजाने गेलेल्या लकी बांबूमधून त्याचा एक भाऊबंद, टायगर मॉस्किटो, अमेरिकेत उतरला होता. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासावे लागते. कुंडीपंडित त्यासाठी शनिवार मुक्रर करतो आणि वहिनींना पीडानिवारणाचा वार म्हणून सांगतो. या एका बाबतीत त्याच्या सांगण्याने सोसायटीचे भले होते.

त्याचा आणखी एक उपयोग आहे. गणपतीत दूर्वा, हरतालिकेला पत्री, तुळशीच्या लग्नाला मंजिऱ्या, कुणाच्या खोकल्याला अडुळसा, असे मागायला सगळी बिल्डिंग त्याच्याकडेच येते आणि तो रिकाम्या हाताने कोणाला पाठवत नाही. मे महिन्यात शेजारी कोकणात गावी निघाले की किल्ली त्याच्याकडे राहते. तेवढे दिवस पाणी तो स्वतः घालतो. बायकोला सांगत नाही. जूनमध्ये शेजारी परततात तेव्हा सगळी झाडे हिरवीगार असतात. जागेवर मात्र एकही नसते.