कंपाउंडर

व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनिअर आर्किटेक्ट’, पोरांच्यात मात्र ‘कंपाउंडर’. दिसेल त्याला इंजेक्शन! हिंजवडीत एखादी बस गच्च भरेल इतके तरी हे निघतील.

‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हा उपचार मुळात चांगला आहे, वाद नाही. ऑब्जेक्टने आपली मदतनीस मंडळी स्वतः गोळा करू नयेत, ती कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून यावीत. म्हणजे टेस्टिंगच्या वेळी खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा उभा करता येतो. मार्टिन फाउलरचा यावरचा गाजलेला लेख २००४चा, अशी इंजेक्शनं देणाऱ्या ‘स्प्रिंग’ कंटेनरची १.० आवृत्तीही त्याच वर्षीची. आमच्या सरांनी तेव्हाच दीक्षा घेतली असावी. तेव्हापासून कोडमध्ये ‘न्यू’ दिसलं की अब्रह्मण्यम्! सगळं कंटेनरनेच द्यायचं.

मध्यंतरी बिलाचं काम निघालं. बिलाला दोन गोष्टी लागतात: कर मोजणारी सर्व्हिस आणि ग्राहक क्रमांक. सर्व्हिस सर्व्हर सुरू होतानाच तयार असते. ग्राहक क्रमांक मात्र कोणी बटण दाबेपर्यंत ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतो. नव्यानेच लागलेल्या पोरीने भीत भीत विचारलं, “सर, हा कुठून इंजेक्ट करू?”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बिलाची सर्व्हिस सिंगलटन आहे ना? तिला सेटर लाव, तिच्यात ठेव.”

टेस्टिंगला माणूस एकच, त्यामुळे सगळं हिरवंगार. लाइव्ह गेल्यावर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि याचं बिल त्याला गेलं. सिंगलटन म्हणजे सगळ्यांत मिळून एक, हे सरांनीच आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं! मग थ्रेडलोकल आलं. ते चाललं, पण ईमेलचं काम दुसऱ्या थ्रेडवर गेलं की तिथे ग्राहक क्रमांक नल. शेवटी सरांनी अख्खा कंटेनरच बिलाच्या हवाली केला: “घे काय हवं ते!” आता बिलाला नेमकं काय लागतं, हे कन्स्ट्रक्टर बघून कोणाच्या बापाला कळेना.

त्या पोरीने गुपचूप एक फॅक्टरी लिहिली. करसर्व्हिस कंटेनरने फॅक्टरीच्या कन्स्ट्रक्टरला द्यायची, ग्राहक क्रमांक ऐन वेळी तिच्या ‘क्रिएट’ मेथडला. आत सरळ ‘न्यू’. गूगलच्या ‘ज्यूस’मध्ये (Guice) असली फॅक्टरी आपोआप बनवून देणारं ‘असिस्टेड इंजेक्ट’ कधीपासून आहे, हेही तिनेच सांगितलं.

रिव्ह्यूत ‘न्यू’ची ती ओळ बघून सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हं. पण या फॅक्टरीला इंटरफेस कुठाय?”

हल्ली ते फॅक्टरीवर व्याख्यान देतात. परवा नुसता पत्ता ठेवणाऱ्या क्लासलाही त्यांनी फॅक्टरी मागितली. तेव्हा मंडळी, पत्ता, तारीख, रक्कम असल्या साध्या गोष्टींना बिनधास्त ‘न्यू’ करा. रिव्ह्यू तेवढा सर रजेवर असताना लावा.